१८७० सालचा ब्रोच घरी कसा करावा? (एकांकिकेसाठी)

रंगपटातली
नमस्कार मंडळी. आमच्या भुसावळच्या हौशी संघाची एकांकिका उभी राहते आहे आणि वेशभूषा माझ्याकडे आहे. काळ १८७०. त्या वर्षी मार्चमध्ये जबलपूरला दोन्हीकडचे रूळ जुळले आणि मुंबईहून भुसावळमार्गे थेट कलकत्त्यापर्यंत गाडी जाऊ लागली. नाटकात रेल्वेच्या एका स्कॉटिश इंजिनिअरची बायको आहे. तिचं मूल इथेच पटकीने गेलेलं आहे. शेवटाकडे ती गळ्याशी लावलेला ब्रोच काढून आयाच्या हातात ठेवते. आया इथलीच, आपली बोली बोलणारी.

भाड्याने मिळणारे ब्रोच मी पाहिले. सगळे लग्नातल्या शेरवानीवर लावायचे, झगमगीत. म्हणून घरीच करायचा विचार आहे. शिवणकाम, कागदकाम हाताला आहे, धातूचं काम नवीन. तीन गोष्टी हव्यात: त्या काळातला वाटावा, मागच्या रांगेतून दिसावा, आणि प्रयोगात निखळून पडू नये.

माझं मत आधीच सांगते. 'नाटकातलं आहे, चालून जातं' हे मला पटत नाही. हातात घेतलेली वस्तू खरी लागली की नटीचा हात वेगळा चालतो. तेव्हा कृपया सविस्तर लिहा.

पाचकंदील
ताई, कोटाचं मोठं बटण घ्या, मागे सेफ्टी पिन, वरून सोनेरी स्प्रे. पाच मिनिटांत १८७०!

अमळनेरची
पाचकंदील, पाच मिनिटांत बटण सोनेरी होईल, १८७० होणार नाही. :)

रंगपटातली, आधी एक बरं झालं की तुम्ही 'गळ्याशी' लिहिलंत. बहुतेक ऐतिहासिक नाटकांत ब्रोच खांद्यावर नाहीतर डाव्या बाजूला छातीवर लावलेला दिसतो, ती आपली आजची सवय. १८६० ते ७० या काळातले युरोपीय बायकांचे फोटो काढून बघा. बंद गळ्याचा झगा, त्यावर पांढरी लेसची कॉलर, आणि कॉलरची दोन टोकं जिथे मिळतात तिथे बरोबर मधोमध ब्रोच. शोभा तर होतीच, कॉलर जागच्या जागी धरून ठेवायचं कामही तोच करायचा. म्हणून आडवा लंबगोल आकार घ्या, साडेचार-पाच सेंटीमीटर रुंद. यापेक्षा मोठा केला तर हनुवटी खाली करताना टोचेल आणि नटी मान ताठ ठेवून वावरेल.

तीन दिशा सुचतात. एक, शंखात कोरलेला चेहरा, म्हणजे कॅमिओ. इटलीत नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको गावात हे काम होत असे. दोन, काळा 'जेट', शोकाचा. तीन, रंगीत दगड बसवलेला. तुमच्या बाईचं मूल गेलेलं आहे, तेव्हा मी तरी काळ्याकडे झुकेन. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीने काळे कपडे धरले ते कायमचे. त्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाच्या जेटला जोराची मागणी आली. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून दगड झालेलं लाकूड, वजनाला अगदी हलकं.

केळीबाग रावेर
जेट आपल्याकडे कुठून आणायचं? पण त्याचीच स्वस्त नक्कल तेव्हाही होती, काळ्या काचेची. तिला 'फ्रेंच जेट' म्हणत. आणि काळी काच तर आपल्या घरोघरी आहे, मंगळसूत्राची काळी पोत! चांगली पोत काचेचीच असते. हाताला गार लागते, प्लास्टिकची लागत नाही, एवढं दुकानात तपासून घ्या. जाड कापडाच्या लंबगोल तुकड्यावर पोत ओळीने शिवून घ्या, झाला ब्रोच. शिवणकाम तुम्हाला येतंच.

रंगपटातली
केळीबाग, काळ्या पोतीची युक्ती फार आवडली. नटीच्या झग्याचा रंग सांगायचा राहिला, गडद करडा आहे. कॉलर पांढरी.

डिमरवाला
मी प्रकाशयोजना करतो, म्हणून माझी बाजू मांडतो. काळ्या पोतीचा ब्रोच जवळून सुंदर दिसेल. पण प्रत्येक मणी दिव्याची वेगळी तिरीप फेकतो आणि लांबून सगळं मिळून नुसतं चमचमतं. पांढऱ्या कॉलरवर लांबून वाचला जातो तो एकच ठळक ठिपका, त्याभोवती धातूची स्पष्ट कड. दगडाचा भाग मंद, कड थोडी उजळ. सोनेरी स्प्रे तर नकोच, पिवळ्या दिव्यात तो चॉकलेटच्या चांदीसारखा दिसतो.

आणखी एक. कॉलरला माइक लावणार असाल तर ब्रोचपासून चार बोटं लांब लावा. धातू घासला की सगळ्या सभागृहात खरखर.

सावद्याचा
दगड हवा असेल तर आमच्या गावाचं नाव घ्या की! सावद्याच्या खाणींमधले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. हिरवट अपोफिलाइटचा एक स्फटिक बसवा, बघत राहतील लोक.

गिरणाकाठ
सावद्याचा, जळगाव जिल्ह्याच्या त्या खनिजांचा अभिमान मलाही आहे, कॉलेजात भूशास्त्र शिकवताना पहिला नमुना तोच दाखवतो. पण ब्रोचला ते नकोत. अपोफिलाइटचं काठिण्य साडेचार ते पाच (हिऱ्याचं दहा धरतात त्या मापावर), आणि एका दिशेने तो अगदी सहज दुभंगतो. स्टिल्बाइट त्याहून मऊ. कड दाबून बसवताना टचकन तुकडा उडेल.

हे स्फटिक आपल्या ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, सापडतात त्यातलाच दुसरा दगड घ्या, अकीक. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर साचत गेली. त्याच थरांचे पट्टे अकीकात दिसतात. काठिण्य साडेसहा ते सात, म्हणजे सुरीच्या पात्याने ओरखडा उठत नाही. पाषाण झिजून गेला तरी हे गोटे उरतात आणि नदीत येतात. वाघूर, गिरणा, तापी, कुठल्याही पात्रात उन्हाळ्यात हिंडा. बाहेरून मळकट, खडबडीत गोटा असतो. पाण्यात बुडवून उन्हात धरा, कडेने उजेड आरपार आला तर अकीक समजा. (वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांसमोरूनच वाहत येते. तिथल्या आवारातून काहीही उचलू नका, खाली बरंच पात्र आहे.)

आणि ताई, तुमची बाई स्कॉटिश आहे हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. १८४८ मध्ये राणीने बालमोरल भाड्याने घेतलं, पुढे ते विकतच घेतलं, आणि स्कॉटिश वस्तूंची हौस सगळ्या इंग्लंडभर पसरली. त्यात अकीक आणि जास्पर या रंगीत दगडांचे तुकडे बसवलेले चांदीचे ब्रोच होते. त्यांना 'पेबल' दागिने म्हणत, म्हणजे गोट्यांचे. स्कॉटलंडचा अकीकही जुन्या लाव्हातच सापडतो. त्या बाईला माहेरचा दगड वाघूरच्या पात्रात भेटणं भूशास्त्राला धरून आहे, तुमच्या लेखकाला सांगा.

रंगपटातली
गिरणाकाठ सर, सांगितलं. लेखक 'एक पान वाढवू का' म्हणून मागे लागलाय.

खापरावरचे मांडे
वाढवू द्या. आणि तालमीनंतर शेवभाजी कोण देणार तेही त्यातच लिहून घ्या.

विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या पणजीचा एक फोटो आहे, लुगडं नऊवारी, पण पदराला खांद्यावर ब्रोच. घरात म्हणतात स्टुडिओवाल्याने लावला असेल. आपल्याकडे ब्रोच होता का मुळात?

अमळनेरची
मांडे, स्टुडिओवाल्याचं मला माहीत नाही, पण पदराला ब्रोच लावायची पद्धत चांगली जुनी आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इकडे आल्या. पारशी बायकांचं साडी नेसणं बघून त्यांनी त्यात आपले बदल केले, आत पोलकं-परकर, पदर डाव्या खांद्यावर, तिथे ब्रोच. ती पद्धत बंगालमध्ये ब्राह्मो समाजाच्या घरांतून पसरली. आपल्या नऊवारीला असा टेकू लागत नाही, पदर आपल्या जागी राहतो. म्हणून आपल्याकडे ब्रोच आला तो हौस म्हणून, शिकलेल्या घरांतून. पणजीचा फोटो जपून ठेवा, मागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा.

निवृत्त फिटर
दगडाचं ठरलं असेल तर पत्र्याचं मी सांगतो. सगळी हयात रेल्वेत कानस चालवण्यात गेली.

पितळेचा पत्रा घ्या, २२ गेज, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. यापेक्षा पातळ वाकतो, जाड घेतलात तर कातर चालत नाही. जळगावला भांड्यांच्या दुकानदाराला विचारा, कापलेल्या कडा वजनावर देतो. जाड कागदावर लंबगोल काढा, कागद मधोमध दुमडून अर्धाच कापा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. पत्र्यावर चिकटवा आणि रेघेच्या एक मिलिमीटर बाहेरून कातरा. कातर पूर्ण मिटवायची नाही, टोकाशी मिटली की पत्र्याला दात पडतो. उरलेलं कानशीने. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. कड बोटाला लागेनाशी झाली की थांबा.

कडेला दोरखंडासारखी नक्षी हवी. पितळेची एक मिलिमीटरची तार दुहेरी करा, दोन्ही टोकं शिकंजात, मधला वळसा हातड्रिलच्या हूकमध्ये अडकवा आणि सावकाश फिरवा. एकसारखा पीळ पडतो. पीळ पडला की गॅसवर लालसर तापवून गार होऊ द्या, तार मऊ पडते आणि लंबगोलाला नीट बिलगते.

डाख (सोल्डर) लावणार असाल तर रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालणार नाही, पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. ६० ते १०० वॅटचं हवं, गोलाणी मार्केटमध्ये मिळेल. खिडकी उघडी ठेवा, डाखेत शिसं असतं. हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

पाचकंदील
काका, शेवटची ओळ मांडेताईंसाठी होती का?

निवृत्त फिटर
सगळ्यांसाठी, बेटा. मी अजूनही दोनदा हात धुतो.

ठसेघर
जळगावच्या सराफीत आमचं घर पिढ्यान् पिढ्या आहे. फिटरकाकांनी पाया बरोबर सांगितला. पुढचं मी जोडतो.

पहिली गोष्ट, मागची बाजू. आजच्या ब्रोचला पिनेवर फिरणारी छोटी कळ असते, ती विसाव्या शतकात आली. १८७० च्या ब्रोचला मागे फक्त तारेचा उघडा आकडा असायचा, पीन दाबून त्यात सरकवायची. पीन बरीच लांब, कित्येकदा ब्रोचच्या कडेबाहेर टोक डोकवायचं. तुमची बाई तो काढून देताना मागची बाजू दिसणारच, तेव्हा आकडाच करा. पण प्रयोगात सुटू नये म्हणून आकड्याचं तोंड पिनेच्या जाडीपेक्षा थोडं अरुंद ठेवा, पीन टचकन आत बसली पाहिजे.

दुसरी, पिनेची जागा. नवशिके पीन बरोबर मध्यावर लावतात. मग दगडाच्या वजनाने ब्रोच पुढे लवतो आणि खाली तोंड करून लोंबतो. पीन वरच्या तिसऱ्या भागात हवी. वजन पिनेच्या खाली राहिलं की ब्रोच कापडाला टेकून सरळ बसतो. कॉलरच्या आतून बुकरमचा (ताठ कापडाचा) तुकडा शिवा, पीन लेसमधून न जाता त्यातून जाऊ दे.

तिसरी, क्रम. आधी सगळी डाख, मग घासणं, मग रंग, आणि दगड अगदी शेवटी. अकीक एकदम तापला तर तडकतो.

दगड बसवायला चार-पाच मिलिमीटर रुंदीची पातळ पितळी पट्टी दगडाभोवती गुंडाळून मोजा, जोड घ्या, ते कोंदण पत्र्यावर झाळा. दगड आत ठेवून पट्टीची कड आत लोटायची, पण एका बाजूने सरळ गोल फिरत जाऊ नका. आधी वर-खाली, मग डावी-उजवी, मग मधल्या जागा. नाहीतर शेवटी एका ठिकाणी पट्टीची चुणी येते आणि ती काही केल्या जात नाही.

रंगपटातली
ठसेघर दादा, हेच हवं होतं. झाळायची मला धास्ती वाटते. त्याशिवाय जमेल का?

ठसेघर
ताई, जमेल. दोन नळ्यांचं एपॉक्सी घ्या, दोन्ही भाग सारखे. ते गुळगुळीत पत्र्यावर धरत नाही, म्हणून दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, मग बोट लावू नका. २४ तास हलवायचं नाही. पीन मात्र नुसती चिकटवू नका. पत्र्याला दोन-दोन बारीक भोकं पाडून तारेने बांधा आणि वरून एपॉक्सी. भोकं कोंदणाच्या आत आली की पुढून दिसत नाहीत. झटपट चिकटणारा गोंद दगडाजवळ आणू नका, त्याच्या वाफेने पांढरट डाग धरतो.

केळीबाग रावेर
दगडाला घरी चकाकी कशी आणायची? आमच्या शेतातून वाहून आलेला एक गोटा मी कालच धुऊन ठेवलाय.

गिरणाकाठ
केळीबाग, पाणी लावून. काळा वॉटरपेपर काचेवर पसरा, १२० पासून सुरू करा, मग २२०, ४००, ६००, १०००. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले तरच पुढचा, आणि मधे दगड स्वच्छ धुवायचा. कोरडं घासायचं नाही, ती धूळ छातीत बसते. वेळ भरपूर लागतो, टीव्हीसमोर बसून करायचं काम आहे. घाई असेल तर बाजारात अंगठीसाठी घोटलेले अकीक मिळतात, खंबायतला हे घोटकाम कितीतरी शतकं चालत आलंय. दगड पातळ असेल तर मागे पांढरा कागद ठेवा, पट्टे उठून दिसतील.

सातपुडा
सगळं वाचलं. माझा वेगळा सूर आहे. एवढं सगळं कॉलरवरच्या ब्रोचसाठी? तोच वेळ आयाच्या लुगड्यावर घालवा. तिच्या हातातल्या गोटपाटल्या कशा होत्या, १८७० मध्ये भुसावळजवळच्या खेड्यातल्या बाईच्या गळ्यात काय होतं, हे कुणी विचारत नाही. मेमसाहेबाची पीन बरोबर, आणि आपली बाई मात्र स्टॉकमधल्या लुगड्यात, असं नेहमी होतं.

रंगपटातली
सातपुडा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आयाचं लुगडं मी आजेसासूबाईंच्या पेटीतलं घेतलंय, सुती, हातमागाचं. गळ्यात काळी पोत आणि हातात चांदीच्या पाटल्या. तिच्यावरही एवढाच जीव आहे. ब्रोच तिच्या तळहातावर जातो, म्हणून तोही तिच्या तोलाचा हवा.

सातपुडा
मग काही म्हणणं नाही. काळ्या पोतीवरून आठवलं, दोघींच्या गळ्याशी काळी काच असती तर? एकीची सौभाग्याची, दुसरीची दुःखाची.

अमळनेरची
सातपुडा, वा! पण दगड अकीक ठरला असेल तर काळं कुठे ठेवायचं? मला वाटतं ब्रोचच्या मागे. त्या काळच्या अनेक ब्रोचना मागच्या बाजूला काचेची छोटी खिडकी असायची आणि आत गेलेल्या माणसाचे केस. वेणी घालून, वळसा देऊन ठेवत. आपण बाळाचं जावळ काढतो, काही घरांत जपूनही ठेवतात, तेव्हा आयाला ते काय आहे हे सांगावं लागणार नाही. बाई ब्रोच उलटा करून तिच्या हातावर ठेवेल, मागची बाजू वर.

खापरावरचे मांडे
अंगावर काटा आला.

निवृत्त फिटर
खिडकीसाठी काच घड्याळवाल्याकडे मागा. जुन्या मनगटी घड्याळांच्या गोल काचांनी त्यांची डबी भरलेली असते. दोन सेंटीमीटरची घ्या. पीन वर आहे, काच तिच्या खाली आरामात बसते. आधी पिनेची उंची मोजा, पीन काचेला घासता कामा नये.

रंगपटातली
मंडळी, झालं. दगड वाघूरच्या पात्रातला, तपकिरी, मधे दोन पांढरे पट्टे. कोंदण एपॉक्सीवर, पीन तारेने बांधलेली, वरच्या तिसऱ्या भागात. मागे घड्याळाची काच आणि आत काळ्या रेशमी दोऱ्याची बारीक वेणी. काल तालमीत नटीने कॉलरला लावला, धावली, वाकली, खुर्चीवरून उठली, जागचा हलला नाही.

रंगाचा प्रश्न मात्र उरलाय. पितळ फार नवं दिसतंय.

ठसेघर
दगड आधीच बसला असला तरी चालेल, रंग आता शेवटी करू. सगळा ब्रोच काळा करू नका. त्या बाईने तो वापरला होता, जिथे बोट लागतं तिथे धातू उजळच राहतो. काळी बूटपॉलिश जुन्या टूथब्रशने तारेच्या पिळात भरा, पाच मिनिटांनी सुती फडक्याने वरवर पुसा. खाचांत काळं राहतं, उंचवटे उजळतात. सोनं परवडत नसेल तर लोक पिंचबेक वापरत, तांबं आणि जस्ताचं मिश्रण, लंडनच्या एका घड्याळजीने अठराव्या शतकात काढलेलं. म्हणजे आपल्या पितळेचाच भाऊ. तुमच्या इंजिनिअरच्या बायकोला पितळ शोभून दिसेल.

पाचकंदील
आणि प्रयोगाआधी घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आमच्याकडे नाटकातली जुनाट केलेली समई आईने चिंच-मीठ लावून लख्ख घासून ठेवली होती, पडदा उघडायच्या दिवशी सकाळी!

डिमरवाला
पॉलिश लावल्यावर एकदा दिव्याखाली बघा. तो ब्रोच तळहातावर येतो तेव्हा आयाचा हात किती वर असेल तेही ठरवा, कमरेच्या खाली असेल तर माझ्यासारख्याला तिथे दिवा पोचवता येत नाही.

रंगपटातली
आजच्या तालमीत बघते. हात छातीशी घ्यायला सांगते. फिटरकाका, इंजिनिअरसाठी खिशातल्या घड्याळाची साखळी हवी आहे, उद्या वेगळा धागा काढते, याल ना?

निवृत्त फिटर
येतो. आधी त्याच्या जाकिटाच्या काजांची मापं घेऊन ठेवा, साखळी कुठल्या काजात अडकवायची त्यावर लांबी ठरेल.